काळजाचा तुकडा : शरीराच्या सहिष्णुतेचा विचार

पोटच्या अपत्याला 'काळजाचा तुकडा' म्हणण्याची आपल्या भाषेची रीत फार जुनी आहे. 'काळीज' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हृदय उभे राहते. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ यकृत असा असून जुन्या शब्दकोशांत तो तसा नोंदलेलाही आहे. बोलण्यातील हा अलंकार आपल्या काळात अक्षरशः खरा झाला आहे. काही बालकांच्या यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या नलिका जन्मतःच बुजलेल्या असतात. पित्त आतल्या आत साठत जाऊन यकृत निकामी होते, आणि दुसरे यकृत मिळाल्यावाचून त्यांतील बहुतेक बालके फार काळ जगू शकत नाहीत. १९८९ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे एका मातेच्या यकृताचा भाग काढून तो तिच्या बालकाच्या शरीरात यशस्वीपणे बसविण्यात आला. आपल्या देशात १९९८ साली दिल्ली येथे एका पित्याने आपल्या लहानग्या मुलाला असेच जीवदान दिले. यकृताला पुन्हा वाढण्याचा निसर्गसिद्ध गुण आहे. त्यामुळे देणाऱ्याचे उरलेले यकृत थोड्याच महिन्यांत जवळजवळ पूर्ववत् होते, आणि दिलेला तुकडा मुलाच्या वाढीबरोबर वाढत जातो.

येथपर्यंतची कथा ऐकून कोणाचेही अंतःकरण भरून येईल. परंतु यापुढे जे घडते, ते विचार करावयास लावणारे आहे. ज्या दानामुळे मुलाचे प्राण वाचतात, त्याच दानावर मुलाचे शरीर तुटून पडते. शरीराला मायाममता कळत नाही. आत आलेला अवयव बापाचा आहे की अनोळखी माणसाचा, हे ते विचारीत नाही. तो आपला नव्हे, एवढेच त्याला दिसते. म्हणून अशा रुग्णाला शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे रोज घ्यावी लागतात, आणि बहुतेकांना ती जन्मभर सोडता येत नाहीत.

तथापि, थोड्या रुग्णांच्या बाबतीत कालांतराने एक निराळीच अवस्था आलेली दिसते. त्यांची औषधे पूर्णपणे थांबविली तरी शरीर त्या परक्या यकृताला धक्का लावीत नाही, आणि इतर रोगांशी मात्र पूर्वीसारखेच लढते. शास्त्रज्ञ या अवस्थेला प्रतिकारसहिष्णुता म्हणतात. या शब्दाने दोन प्रश्न आपल्यापुढे उभे केले आहेत. खरी सहिष्णुता कशास म्हणावे, हा पहिला. आणि ती आपल्या ठायी आली आहे की नाही हे अजमावण्यासाठी दुसऱ्याने दिलेले दान पणास लावावे काय, हा दुसरा. या दोन प्रश्नांचा यथामति विचार करण्याचे येथे योजिले आहे.

प्रथम शरीराला 'स्व' आणि 'पर' हा भेद कसा कळतो, ते पाहू. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर काही विशिष्ट खुणा असतात. त्यांतील निम्म्या आईकडून आणि निम्म्या बापाकडून येतात. म्हणून मुलाच्या खुणा आईबापांपैकी कोणाशीही पूर्णपणे जुळत नाहीत. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची एक लहानशी ग्रंथी आहे. तिला प्रतिकार करणाऱ्या पेशींची पाठशाळाच म्हणावे. तेथे ज्या पेशी स्वशरीरावरच शस्त्र उगारतील असे दिसते, त्यांपैकी बहुतेकींचा तेथेच निकाल लागतो. उरलेल्या उत्तीर्ण होऊन सर्व शरीरभर पहारा देऊ लागतात. परक्या खुणा दिसताच त्या चाल करून जातात. याच व्यवस्थेमुळे आपण असंख्य रोगजंतूंमधून तरून जातो, आणि याच व्यवस्थेमुळे दुसऱ्याचा अवयव शरीरात टिकत नाही.

मग हा भेद अटळ आहे काय? १९४५ साली अमेरिकेतील रे ओवेन या शास्त्रज्ञाला गाईच्या जुळ्या वासरांत एक चमत्कारिक गोष्ट आढळली. गर्भाशयात ज्यांचे रक्ताभिसरण एकमेकांशी जोडले गेले होते, अशी जुळी वासरे मोठी झाल्यावरही दोन प्रकारच्या रक्तपेशी बाळगून होती, एक स्वतःची आणि दुसरी भावंडाची. या गोष्टीचे मर्म पुढे इंग्लंडमधील पीटर मेडावर आणि त्यांचे सहकारी बिलिंगहॅम व ब्रेंट यांनी उकलले. त्यांनी एका जातीच्या उंदरांच्या गर्भात दुसऱ्या जातीच्या उंदरांच्या पेशी टोचल्या. ही पिले मोठी झाल्यावर त्यांच्या अंगावर त्याच दुसऱ्या जातीच्या उंदराची त्वचा बसविली, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांनी ती स्वीकारली. हा प्रयोग १९५३ साली प्रसिद्ध झाला. १९६० साली मेडावर आणि ऑस्ट्रेलियाचे बर्नेट यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते या उपार्जित सहिष्णुतेच्या शोधाबद्दलच.

या प्रयोगातील दोन बारकावे आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, त्या उंदरांनी ओळखीच्या जातीची त्वचा सांभाळली, पण तिसऱ्याच जातीची त्वचा बसविताच ती झिडकारली. अर्थात् त्यांची प्रतिकारशक्ती नष्ट झालेली नव्हती. दुसरा बारकावा याहूनही बोधप्रद आहे. सहिष्णु झालेल्या उंदराच्या शरीरात त्याच्याच जातीच्या, परंतु त्या परक्या जातीविरुद्ध आधीच सज्ज झालेल्या उंदराच्या प्रतिकारपेशी घातल्या, तेव्हा इतके दिवस सुखाने नांदत असलेली ती त्वचा नष्ट झाली. म्हणजे त्वचा शेवटपर्यंत परकीच राहिली होती. तिच्या खुणा पुसल्या गेल्या नव्हत्या, की तिने वेषांतर केले नव्हते. बदल झाला होता तो यजमानाच्या ठायी.

सहिष्णुतेविषयीची आपली एक सामान्य समजूत येथे तपासून पाहण्यासारखी आहे. आपण पुष्कळदा म्हणतो की, परक्याने आपल्यासारखे व्हावे म्हणजे आपण त्याला सामावून घेऊ. आपल्यासारख्याच झालेल्या माणसाला सामावून घेण्यात सोसण्यासारखे काय उरते? समोरचा वेगळा आहे, वेगळाच राहणार आहे, हे ओळखून त्याला नांदू देणे, एवढाच या शब्दाचा अर्थ होऊ शकतो. शरीराची सहिष्णुता याच जातीची असते.

आता यकृताकडे वळू. मूत्रपिंड, हृदय, फुफ्फुस हेही अवयव आज रोपण करता येतात. परंतु परक्या शरीरात सामावून जाण्याची पात्रता यकृताच्या अंगी विशेष दिसून येते. अमेरिकेतील डेन्व्हर येथे टॉमस स्टार्झल यांनी १ मार्च १९६३ रोजी मनुष्याच्या यकृतरोपणाचा पहिला प्रयत्न केला. तो तीन वर्षांचा बालक शस्त्रक्रियेच्या वेळीच दगावला. दीर्घकाळ जगलेला पहिला रुग्ण लाभण्यास १९६७ साल उजाडावे लागले. ती एक वर्षाहून थोडी अधिक काळ जगलेली लहान मुलगी होती. इकडे केंब्रिज येथे रॉय काल्न आणि त्यांचे सहकारी डुकरांवर प्रयोग करीत होते. कोणतेही औषध न देता एका डुकराचे यकृत दुसऱ्यात बसविले, तर ते पुष्कळदा टिकून राहते, असे त्यांना आढळले. इतकेच नव्हे, तर त्याच दात्याची त्वचा किंवा मूत्रपिंड मागाहून बसविल्यास तेही अधिक काळ टिके. हे निष्कर्ष १९६९ साली प्रसिद्ध झाले. मनुष्याच्या बाबतीत गोष्ट इतकी सोपी ठरली नाही. तथापि यकृत हा इतर अवयवांहून निराळ्या स्वभावाचा आहे, हे तेव्हापासून लक्षात आले.

या स्वभावाचे कारण त्याच्या नित्याच्या कामात सापडते. यकृतात येणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येते. आपण खाल्लेल्या अन्नाचे अंश, आतड्यांतील जंतूंचे अवशेष, नाना प्रकारची परकी द्रव्ये अहोरात्र त्याच्या दारी येत असतात. यात्रेच्या गावी धर्मशाळा चालविणाऱ्या माणसाची आठवण येथे होते. दारी आलेल्या प्रत्येक अनोळखी यात्रेकरूवर तो काठी उगारील, तर धर्मशाळा चालणार नाही. आणि डोळे मिटून बसेल, तर चोरांचे फावेल. त्याला रोजच्या सरावाने नजर कमवावी लागते. यकृतातील पेशी अशीच नजर कमावून बसलेल्या असतात. जे निरुपद्रवी आहे ते सोडून देण्याची सवय त्यांच्या अंगवळणी पडलेली असते, आणि हाच गुण घेऊन यकृत नव्या शरीरात प्रवेश करते.

स्टार्झल यांना १९९२ साली आणखी एक गोष्ट आढळली. पुष्कळ वर्षांपूर्वी रोपण झालेल्या काही रुग्णांच्या त्वचेत, लसिकाग्रंथींत आणि इतरत्र दात्याच्या पेशी तुरळक प्रमाणात वस्ती करून राहिलेल्या होत्या. यकृताबरोबर आलेल्या या पेशी सर्व शरीरभर पसरल्या होत्या आणि टिकल्या होत्या. ही वस्ती सहिष्णुतेचे कारण की तिचा परिणाम, यावर शास्त्रज्ञांत पुष्कळ वाद झाला. परंतु या शोधाने एका विसरलेल्या बाजूची आठवण करून दिली. आलेल्या पाहुण्याजवळही शस्त्रे असतात. रोपण केलेल्या अवयवाबरोबर दात्याच्या प्रतिकारपेशी येतात, आणि क्वचित् त्या उलट यजमानावरच हल्ला करतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी हात आवरला, तरच घर टिकते.

हा हात आवरतो कोण, याचा उलगडा होण्यास पुढे बराच काळ जावा लागला. जपानचे शिमॉन साकागुची यांनी १९९५ साली दाखवून दिले की, प्रतिकारपेशींमध्येच एक वर्ग असा आहे, ज्याचे काम लढण्याचे नसून लढणाऱ्यांना आवरण्याचे आहे. २००१ साली अमेरिकेतील मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी यासंबंधीचा एक महत्त्वाचा जनुक शोधून काढला. त्यात बिघाड झाला की शरीर स्वतःवरच उलटते. या तिघांना २०२५ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. या नियामक पेशी रोपण केलेल्या यकृताच्या रक्षणातही भाग घेतात, असे मानण्यास पुष्कळ आधार आहे. जपानमधील होक्काइडो येथे १० रुग्णांना यकृतरोपणानंतर अशा पेशींनी समृद्ध केलेले, त्यांच्याच रक्तातील मिश्रण देण्यात आले. त्यांपैकी ७ जणांची औषधे पुढे थांबविता आली, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा सहिष्णुता म्हणजे नुसता शक्तीचा अभाव नव्हे. संयम राखण्यासाठी शरीराला स्वतंत्र सामर्थ्य बाळगावे लागते, आणि ते क्षणोक्षणी जागते ठेवावे लागते.

आता औषधांचा विचार करू, कारण नैतिक प्रश्नाचे मूळ तेथेच आहे. १९८० नंतरच्या दशकात सायक्लोस्पोरिन आणि पाठोपाठ टॅक्रोलिमस ही औषधे आल्यामुळे यकृतरोपण खऱ्या अर्थाने रूढ झाले. दोन्ही मातीतील सूक्ष्म जीवांपासून मिळालेली आहेत. त्यांनी हजारो जीव वाचविले, याबद्दल कृतज्ञताच असली पाहिजे. परंतु ती परक्या यकृतावरील हल्ला थांबवितात, तशी जंतूंवरील आणि अंकुरणाऱ्या कर्करोगावरील चढाईही मंदावितात. वर्षानुवर्षे घेतल्यास मूत्रपिंडे क्षीण होऊ शकतात, रक्तदाब व मधुमेह जडू शकतो. प्रौढाला हे ओझे थोडी वर्षे वाहावयाचे असते. दोन वर्षांच्या बालकाला ते साठ-सत्तर वर्षे वाहावे लागेल.

औषधांनी निर्माण केलेली ही शांतता संचारबंदीतील शांततेसारखी असते. गावात संचारबंदी लागली की रस्ते सामसूम होतात, कोणी कोणावर धावून जात नाही. पण तेवढ्यावरून त्या गावात सलोखा नांदतो असे कोणी म्हणणार नाही. लोक घरात आहेत ते दंडाच्या भयाने की सद्भावाने, हे संचारबंदी उठल्यावरच कळते. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या शरीराची हीच स्थिती असते. ते दुबळे केल्यामुळे स्वस्थ आहे की खरोखर सहिष्णु झाले आहे, हे औषध चालू असताना निश्चित सांगता येत नाही. ज्याच्या अंगी प्रहार करण्याची शक्तीच नाही, त्याने केलेल्या क्षमेला आपले वाडवडील क्षमा म्हणत नसत. शक्ती असून जो हात आवरतो, त्याचीच क्षमा खरी. शरीराची परीक्षाही याच कसोटीवर होते. औषधांवाचून निदान एक वर्षभर यकृताचे कार्य सुरळीत चालले आणि त्याचा सूक्ष्म तुकडा काढून तपासला असता इजा दिसली नाही, तरच डॉक्टर त्या रुग्णाला सहिष्णु म्हणतात.

परंतु ही कसोटी घेण्यात धोका आहे. संचारबंदी उठविल्यावर दंगल उसळली तर? येथे आपण दुसऱ्या प्रश्नाशी येऊन पोहोचतो. या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडून पाहणे इष्ट होईल.

पूर्वपक्ष असा. यकृत ठीक चालले आहे, मूल शाळेत जाते, खेळते. जे सुरळीत चालले आहे त्यात हात घालू नये. हे यकृत त्या मुलाने कमावलेले नाही. आईने किंवा बापाने आपले पोट फाडून ते दिले आहे, अथवा कोण्या शोकाकुल कुटुंबाने आपल्या मृत माणसाच्या देहातून ते देऊ केले आहे. बापाचे यकृत पुन्हा भरून आले, तरी दुसऱ्यांदा तुकडा देणे त्याला जवळजवळ अशक्यच. गेलेल्या माणसाचे दान तर एकदाच होते. आणि अवयवाची वाट पाहणारे कितीतरी असतात. एकाला मिळाले म्हणजे दुसऱ्याला मिळाले नाही, असाही त्याचा अर्थ आहे. अशी वस्तू केवळ औषधाच्या गोळ्या चुकविण्यासाठी पणास लावणे ही कृतघ्नता होय.

उत्तरपक्ष म्हणतो, दान दिले ते यकृत जपून ठेवण्यासाठी नव्हे, मूल जगावे म्हणून. यकृत शाबूत राहिले आणि तिसाव्या वर्षी मूत्रपिंडे गेली, तर दात्याचा हेतू सफल झाला काय? शिवाय दान दिल्यावर दात्याने त्यावरील ममत्व सोडावे, असेच आपण मानीत आलो आहो. यज्ञात आहुती टाकणारा ती माझी नव्हे असे म्हणून मोकळा होतो. आपल्या देशातील १९९४ चा मानवी अवयव प्रतिरोपण कायदाही अवयवाचा क्रयविक्रय निषिद्ध मानतो. हा कायदा प्रथम ज्या राज्यांच्या विधिमंडळांच्या ठरावावरून झाला, त्यांत गोवा आणि महाराष्ट्र ही दोन्ही होती. जे विकता येत नाही, केवळ देता येते, त्यावर मागाहून हक्क सांगता येत नाही. तेव्हा निर्णय ज्याचे शरीर त्याचा.

दोन्ही पक्षांत सत्यांश आहे. माझ्या अल्प मतीप्रमाणे त्यांचा मेळ असा बसतो की, दात्याने ते दान समजावे आणि घेणाऱ्याने ती ठेव समजावी. दाता ठेव समजू लागला, तर मुलाचे सारे आयुष्य ऋणको-धनकोच्या नात्याने झाकोळून जाईल. बापाने 'माझे काळीज तुझ्यात आहे' असे रोज ऐकविले, तर त्या काळजाचा भार औषधांहूनही जड होईल. उलट, घेणाऱ्याने ते केवळ आपली मालमत्ता मानले, तर बेपर्वाईला दार उघडे होईल. आणि ही बेपर्वाई काल्पनिक नाही. वयात येणारी मुले बरे वाटते म्हणून, कंटाळा आला म्हणून किंवा मित्रांत वेगळे पडावयास नको म्हणून औषधे टाळतात, आणि त्यामुळे यकृत गमावण्याचा प्रसंग येतो, हा डॉक्टरांचा सर्वत्र अनुभव आहे. आपल्या मर्जीने औषधे सोडूनही काहींचे यकृत टिकले, ही गोष्टही खरी आहे, आणि सहिष्णुतेच्या अभ्यासाला त्यातून चालना मिळाली. परंतु भरतीच्या वेळी पोहत जाऊन एखादा तरला, म्हणून तो मार्ग होत नाही.

ठेव सांभाळणाऱ्यालाही काही धोका पत्करावा लागतो. परंतु तो ठेवीच्याच कल्याणासाठी, विचारपूर्वक आणि परतीची वाट मोकळी ठेवून पत्करावा लागतो. या कसोटीवर गेल्या काही वर्षांतील प्रयत्न तपासून पाहावे. २०१२ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी २० बालकांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या सर्वांना आईच्या किंवा बापाच्या यकृताचा भाग मिळालेला होता. त्यांची औषधे अनेक महिन्यांच्या काळात थोडी थोडी कमी करीत नेली. १२ मुलांना औषधांवाचून राहता आले. उरलेल्या आठांपैकी बहुतेकांत विरोधाची चिन्हे दिसताच औषधे पुन्हा वाढविली, आणि कोणाचेही यकृत गेले नाही. पुढे याहून मोठ्या प्रयत्नात ८८ मुलांपैकी ३३ मुले सहिष्णु ठरली, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. युरोपात प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९८ जणांपैकी ४१ जण सहिष्णु निघाले. ज्यांच्या रोपणाला अधिक वर्षे लोटली होती, त्यांच्यात यश अधिक दिसले. इतरांतील विरोध बहुधा सौम्य होता व औषधे सुरू केल्यावर शमला.

हे आकडे आशादायक आहेत, तसेच सावध करणारेही आहेत. हे सर्व रुग्ण पारखून घेतलेले होते. रक्ताच्या तपासणीत सर्व काही ठीक दिसत असूनही यकृताचा तुकडा तपासल्यावर आत धुमसती दाहक्रिया आढळल्याने अनेक मुलांना प्रयत्नातून वगळावे लागले. इतके करूनही निम्म्याहून अधिकांना औषधांकडे परतावे लागले. जपानमधील क्योटो येथे औषधे बंद केलेल्या काही मुलांच्या यकृतात वरून काही न दिसता तंतूंचे जाळे हळूहळू वाढत असल्याचे आढळले. म्हणजे सहिष्णुता एकदा मिळाली की पुढे निर्धास्त झोपावे, असे होत नाही. तेव्हा नियम असा दिसतो : हा प्रयत्न निषिद्ध नाही, परंतु तो एकट्याने, लपून किंवा उतावीळपणे करण्याचा अधिकार कोणालाही नाही. जाणत्यांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने, आणि न जमल्यास मागे फिरण्यात कमीपणा न मानता तो व्हावा. लहान मुलाच्या वतीने आईबाप निर्णय घेतात. त्या वेळी देणारा आणि ठरविणारा पुष्कळदा एकच असतो. आपल्या त्यागाचे सार्थक झालेले पाहण्याची इच्छा एकीकडे आणि मुलाचे हित दुसरीकडे, यांत गल्लत न होऊ देणे हे त्यांचे अवघड कर्तव्य आहे.

एक आक्षेप उरतो. सहिष्णुता इतकी थोर असेल, तर तिला मर्यादा नाही काय? याचेही उत्तर यकृतच देते. जन्माच्या वेळी मातेकडून कावीळ-ब या रोगाचे विषाणू ज्या अर्भकांना लागतात, त्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांच्या शरीरात ते कायमचे ठाण मांडतात. धडधाकट प्रौढाला तोच संसर्ग झाला, तर हे प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी असते. अर्भकाची अपक्व प्रतिकारशक्ती आणि यकृताचा सोशिक स्वभाव यांच्या आश्रयाने शत्रू घरात राहतो आणि पुष्कळ वर्षांनी घरच पोखरतो. ज्या नियामक पेशी रोपण केलेल्या अवयवाला अभय देतात, त्याच कर्करोगाच्या गाठीभोवती जमून तिलाही अभय देऊ शकतात. यावरून सरसकट सारे सोसणे हा सद्गुण नव्हे, हे उघड आहे. बापाचे यकृत परके असले तरी ते मुलाचे रक्त शुद्ध करते, अन्न पचविते, त्याला जगविते. विषाणू परका असून केवळ स्वतः जगतो. दोघांच्या कपाळी परकेपणाचा सारखाच शिक्का असला, तरी त्यांच्या करणीत महदंतर आहे. कोण कोठून आला एवढे पाहून न थांबता तो येथे काय करतो हे पाहणे, यालाच आपण विवेक म्हणतो. विवेकावाचूनची सहिष्णुता ही गाफीलपणा होय.

शरीराच्या नियमांवरून माणसांच्या समाजाचे नियम जसेच्या तसे काढू नयेत, हे मला मान्य आहे. पेशीला निवड नसते, माणसाला असते. म्हणून पेशीला श्रेय नाही आणि दोषही नाही. परंतु जी गोष्ट जड देहालाही कालांतराने शिकता येते, ती सचेतन माणसाला शिकता येणार नाही, असे म्हणावयास जागा उरत नाही. घरात, आळीत, पंगतीत, सभेत आपल्याहून निराळ्या माणसाबरोबर राहताना आपली शांतता संचारबंदीची आहे की संयमाची आहे, हे ज्याचे त्याने आपल्याशी तपासून पाहावे.

आणि ज्या घरात असे काळजाचे देणेघेणे झाले आहे, त्या घरातील तरुण मुलामुलींना एवढेच सांगणे आहे. रोज ठराविक वेळी गोळी घेण्याचा कंटाळा येणे स्वाभाविक आहे. सहिष्णुतेची वाट शास्त्रज्ञ शोधीत आहेत, आणि कदाचित् एक दिवस ती तुमच्यासाठीही खुली होईल. तो दिवस डॉक्टर सांगतील. तोपर्यंत त्या गोळीला केवळ बंधन मानू नका. ज्याने आपल्या देहाचा अंश तुमच्या स्वाधीन केला, त्याला रोज न बोलता दिलेला तो हिशेब आहे.